प्रतिकारशक्ती किती आहे, असे विचारणाऱ्यांसाठी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब चालवतो. कोरोनानंतर आमच्या काउंटरवर एक मागणी कायमची रुजली आहे. "साहेब, सुई टोचलीच हाय तर प्रतिकारशक्ती किती हाय तेबी बघून घ्या." असे म्हणणारा माणूस भाबडा नसतो. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन यांचे आकडे त्याने पाहिलेले असतात, आणि ज्या अर्थी मेडिकलमध्ये 'इम्युनिटी' वाढवणारी पावडर डबाबंद मिळते त्या अर्थी ती मोजताही येत असणार, असा त्याचा सरळ हिशेब असतो. माझे मत असे की हा हिशेब पायातच कच्चा आहे. प्रतिकारशक्ती नावाचा एकच एक आकडा शरीरात नसतो, म्हणून तो वाढवून देण्याचा दावा करणाऱ्याला आधी 'नेमके काय वाढवणार' हे विचारले पाहिजे. या यंत्रणेची कसोटी परक्याला ओळखण्यात, वेळेत पोहोचण्यात आणि वेळेत थांबण्यात लागते. हे पटवून देण्यासाठी मला पाठ्यपुस्तक लागत नाही, रोज हातातून जाणारे रिपोर्ट पुरतात.

आमच्याकडे सर्वांत जास्त होणारी तपासणी म्हणजे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. तिच्यात पांढऱ्या पेशींचा आकडा येतो आणि मोठ्या माणसात तो एका मायक्रोलिटरला साधारण 4,000 ते 11,000 असतो. हल्ली मोजणी मशीनच करते. पण मशीनने शंका दाखवली की मी अजूनही काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढतो, लिशमन रंग टाकतो आणि तेलाच्या भिंगाखाली पाहतो. फिकट गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच जांभळ्या केंद्राची एखादी पेशी दिसते. केंद्राचे तीन-चार तुकडे बारीक धाग्याने जोडल्यासारखे असतील तर ती न्यूट्रोफिल, आणि गोल, गडद केंद्राने जवळजवळ सगळी पेशी व्यापली असेल तर ती लिम्फोसाइट. पेशी जितक्या जास्त तितके बरे, असे ज्याला वाटते त्याने रक्ताच्या कर्करोगाची काचपट्टी एकदा पाहावी. तिथे पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात जाऊ शकतात, पट्टी जांभळीगर्द दिसते, आणि तरीही तो रुग्ण एखाद्या किरकोळ जंतुसंसर्गाने दगावू शकतो, कारण त्यातल्या बहुतेक पेशी अर्धवट वाढलेल्या आणि कामाला न येणाऱ्या असतात.

न्यूट्रोफिल काय करते हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे, नाव तेवढे ऐकलेले नसते. बाभळीचा काटा पायात मोडला की त्याच्याबरोबर जंतूही आत जातात. त्या जागी आधीपासून मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज पेशी जंतूंच्या आवरणावरच्या काही खुणा ओळखतात. या खुणा माणसाच्या पेशींवर नसतात, त्यामुळे ओळख पटायला फार वेळ लागत नाही. मॅक्रोफेजांनी सोडलेल्या रसायनांमुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. काही तासांतच न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जंतू गिळू लागतात आणि त्या कामातच मरतात. आपण पिळून काढतो तो पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी. 1882 साली सिसिलीतल्या मेसिना येथे इल्या मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून हेच पाहिले होते: दुसऱ्या दिवशी सकाळी फिरत्या पेशी त्या काट्याभोवती जमल्या होत्या. त्या निरीक्षणापासून सुरू झालेल्या कामाला 1908 मध्ये नोबेल मिळाले. (मुंबईत 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे याच मेचनिकोव्हांचे शिष्य.)

काट्याची गोष्ट मात्र तळपायापाशी संपत नाही. दोन-तीन दिवसांनी जांघेत अवधाण येते, आणि 'लागलं पायाला अन् गाठ कशी वर आली' म्हणून माणूस घाबरून आमच्याकडे येतो. ती लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) फुगलेली असते आणि तिथे पुढचे, अधिक बारकाईचे काम चालू असते. जखमेतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूंचे तुकडे उचलून लसिकावाहिन्यांतून जांघेतल्या ग्रंथीत जातात आणि तिथल्या लिम्फोसाइटना ते दाखवतात. पण प्रत्येक लिम्फोसाइटला सगळे ओळखता येत नाही. तिच्या अंगावरचे ग्राही रेणू, म्हणजे असे तुकडे पकडणारे रेणू, एकाच घडणीचे असतात आणि ते एका ठरावीक आकाराच्या तुकड्यालाच नीट बसतात.

इथे मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट सांगायची आहे. जंतू पाहून शरीर त्याच्यासाठी ग्राही रेणू घडवत नाही. ते आधीच, अंदाजाशिवाय, कोट्यवधी प्रकारचे घडवून ठेवलेले असतात. आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी पाऊस कसा पडेल हे ठाऊक नसताना सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकतो, एखाद्या पट्ट्यात मूग-उडीद पेरतो आणि जे त्या वर्षी साधेल त्यावर घर चालवतो, तसाच हा प्रकार आहे. इतकी विविधता थोड्याशा जनुकांतून कशी निघते हे कोडे सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने सोडवले. जनुकांचे तुकडे प्रत्येक पेशीत वेगवेगळ्या रीतीने कापून जोडले जातात, हे त्यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1987 चे नोबेल मिळाले. ज्या लिम्फोसाइटला आलेला तुकडा बसतो, तिचीच वाढ होते आणि तिच्या हजारो प्रती तयार होतात, ही मांडणी मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने 1957 मध्येच केली होती. या प्रतींपैकी काही प्रतिपिंडे (अँटीबॉडी), म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिने, सोडतात, काही रोगट झालेल्या आपल्याच पेशी मारतात, काही इतरांना हुकूम देतात. एका पेशीपासून हजारो व्हायला दिवस लागतात. नव्या आजाराचा पहिला आठवडा जड जातो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे, आणि पावडरीचा चमचा हा वेळ कमी करतो असे मला आजवर कोणी दाखवून दिलेले नाही.

हा वेळ कागदावर पाहायचा असेल तर डेंग्यूचा रिपोर्ट पाहावा. त्यावर एनएस-1, आयजीएम आणि आयजीजी अशा तीन ओळी असतात. एनएस-1 हे विषाणूचेच प्रथिन असल्याने ते ताप आल्यापासून पहिल्या काही दिवसांत सापडते. आयजीएम ही प्रतिपिंडांची पहिली खेप, जी साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागते, आणि आयजीजी त्याहून उशिरा येते. पण कधी कधी तापाच्या सुरुवातीलाच आयजीजी भरपूर सापडते. तेव्हा या माणसाला पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला आहे असे समजावे, कारण आधीच्या आजाराची ओळख धरून मागे राहिलेल्या स्मृतिपेशी जाग्या झाल्या की त्या दिवसांचे काम फार लवकर करतात. तुम्ही म्हणाल, मग तर हा माणूस सुरक्षित. इथेच 'जास्त म्हणजे चांगले' हा समज उताणा पडतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची जुनी प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणू पांढऱ्या पेशींत अधिक सहज शिरतो. त्यामुळे वेगळ्या प्रकाराचा दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. घरची माणसे मात्र फक्त 'पेशी किती झाल्या' एवढेच, म्हणजे प्लेटलेट, विचारत असतात.

याच स्मृतीचा उलटा गैरवापर आमच्या धंद्यात रोज होतो, आणि हे लिहिल्याने काही व्यवसायबंधू नाराज होतील तर होवोत. विडाल तपासणी 1896 पासून आहे. ती टायफॉईडचा जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. आपल्या भागात ज्याने वर्षानुवर्षे बोअरचे, टँकरचे, हंड्यातले पाणी प्यायले आहे, त्याच्या रक्तात अशी प्रतिपिंडे थोडीफार सापडणारच. तरीही एकाच विडालवर '1:80', म्हणजे प्रतिपिंडांचे तसे कमीच प्रमाण, पाहून टायफॉईड ठरवला जातो, सलाईन लागते, अँटिबायोटिक सुरू होते, आणि तो माणूस पुढे आयुष्यभर 'मला दरवर्षी टायफॉईड निघतो' असे सांगत फिरतो. अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचे कल्चर करणे, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणे, हा खरा मार्ग आहे. त्याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तो टाळला जातो.

आता थांबण्याविषयी. थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी टी-लिम्फोसाइटची परीक्षा घेते. आपल्याच शरीराच्या तुकड्यांवर जोराने उठणाऱ्या पेशी तिथे मारल्या जातात, ज्यांना काहीच नीट ओळखता येत नाही त्याही मरतात, आणि शंभरातल्या जेमतेम काही बाहेर पडतात. तरी एखादी चुकार निसटतेच. अशांना आवरणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधासाठी 2025 चे नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. आवर सुटला की काय होते ते सांधे वाकलेल्या संधिवाताच्या रुग्णाला विचारा. त्याची प्रतिकारयंत्रणा कमी पडलेली नसते, ती त्याच्याच सांध्यांवर उलटलेली असते.

कोरोनाचा धडा तर अजून ताजा आहे आणि आपण तो विसरलो, याचे मला आश्चर्य वाटते. गावोगाव काढे उकळले जात होते, गोळ्या वाटल्या जात होत्या, आणि जून 2020 मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून जे स्वस्त औषध जीव वाचवते असे सिद्ध झाले ते होते डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकाराचा भडका दाबणारे स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटवले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या लाटेत, हेच औषध बेसुमार वापरले गेले, त्यात अनेकांची साखर आटोक्याबाहेर होती, आणि काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे नेले. एकच औषध, एकदा तारणारे आणि एकदा मारणारे. फरक होता तो कोणाला, केव्हा आणि किती, एवढाच.

मग काहीच करू नये का? करता येते, आणि ते पावडरीहून स्वस्त आहे. पोट भरणे हे त्यातले पहिले. पेशींच्या हजारो प्रती प्रथिनांशिवाय तयार होत नाहीत, आणि दीर्घ कुपोषणात मुलाची थायमस ग्रंथी चक्क सुकते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या इतर माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जोडीला जीवनसत्त्वे दिली, तेव्हा त्यांना क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. डाळीची जाहिरात कोणी करत नाही, कारण तिच्यावर 'इम्युनिटी' असे छापून चौपट भाव लावता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लस, आणि तिच्याविषयी मला आपल्या जिल्ह्यापुरते थोडे बोलायचे आहे. लस शरीराला आजार न घडवता ओळख करून देते आणि स्मृतिपेशी मागे ठेवते. ही स्मृती किती टिकते? उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर 1781 मध्ये गोवर येऊन गेला, आणि 1846 मध्ये तो परत आला तेव्हा पहिल्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कोणालाही तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद पीटर पॅनुम या तरुण डॉक्टरने केली. त्या 65 वर्षांत बेटांवर गोवर फिरकलाही नव्हता. आणि हाच गोवर इतर आजारांची स्मृती पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आधीच्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के गोवरानंतर नाहीशी झाली होती. गोवर 'अंगावर निघून गेला की बरा' असे म्हणणाऱ्या आजीबाईंना हे समजावून सांगणे अवघड आहे, पण सांगितले पाहिजे.

आपल्याकडे दसरा-दिवाळीला ऊसतोडीचा कोयता निघतो. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे तान्हे लेकरू घेऊन कारखान्याच्या कोप्यांवर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो. उन्हाळ्यात जन्मलेल्या लेकराचे नऊ महिने नेमके फडावर भरतात. लसीचे कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत राहते, फडाजवळच्या आरोग्य केंद्राला काय झाले आणि काय राहिले ते कळत नाही, आणि परतल्यावर 'आता डोस चुकला, सगळं पहिल्यापासून करावं लागंल' या भीतीने आई अंगणवाडीकडे फिरकत नाही. वास्तविक स्मृतिपेशी पहिल्या डोसाची ओळख धरून असतात, म्हणून मध्ये खंड पडला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथे थांबली तिथून पुढचा डोस घेता येतो, आणि राहिलेला गोवर-रुबेलाचा डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळतो. टोळीबरोबर जाणाऱ्यांना कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून द्या, आणि परतलेल्यांना ते कार्ड घेऊन आशाताईंकडे पाठवा.