पानं संपली हो!

बेळगावात आता साध्या दुखण्यांना कुणी विचारत नाही. गुडघे, साखर, बायपासमध्ये गेलेली जमीन, हे घरोघरचंच झालंय. टिळकवाडीतल्या कट्ट्यावर चार माना आपल्याकडे वळाव्यात असं वाटत असेल, तर खिशातून पासपोर्ट काढा, सुस्कारा टाका आणि म्हणा, "पानं संपली हो!" पुढं गप्प बसा. कुठंकुठं जाऊन आलात, हे समोरच्यानं विचारायचं असतं.

पण हे भाग्य आपोआप लाभत नाही. अर्ज भरतानाच 60 पानांच्या वाटेला जाऊ नका. 36 पानांच्या पासपोर्टाला 1500 रुपये पडतात, 60 पानांच्याला 2000. सवड मिळाली की दुबई गाठणाऱ्या माणसानं हे 500 रुपये वाचवलेच पाहिजेत, घरात बेळगावी कुंद्याची मिठाई तरी येते. मुदत 10 वर्षांची आहे वगैरे हिशेब करत बसू नका. व्हिसाचं एकेक स्टिकर अख्खं पान गिळतं, आणि शिक्का मारणारा साहेब कोरं पान शोधून त्याच्या बरोब्बर मधोमध मारतो. त्याला आधीच्या पानावरचा रिकामा कोपरा दाखवायचा मोह आवरा.

उरलेली पानं घरी मोजायची नसतात. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला दोन कोरी पानं लागतात, दक्षिण आफ्रिकेलाही दोन लागतात. हे कळायची योग्य जागा म्हणजे विमानतळाचा काउंटर. आपल्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही, त्यामुळं रात्रीचा चोर्ला घाट उतरून, वळणावळणावर पोट सांभाळत गोव्यातल्या मोपा विमानतळावर पोचायचं. तिथली मुलगी अंगठ्यानं पानं फर्र्कन उलटते, पुन्हा मागून पुढं बघते आणि "एक मिनिट हं सर" म्हणून फोन उचलते. अशा वेळी आईवडलांची नावं छापलेलं शेवटचं पान पुढं करून बघायला हरकत नाही. उपयोग शून्य, पण मागची रांग ऐकत असते.

मग नवा पासपोर्ट. आपल्याकडं जुन्याला जादा पानं जोडून मिळत नाहीत, पुस्तकच नवं घ्यावं लागतं. त्याचे 1500, आणि घाई असली तर तत्काळचे वर 2000. तेव्हा वाचवलेले 500 कामी येतात. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत देतात. त्यातला व्हिसा जिवंत असेल तर दोन्ही रबरबँडनं बांधून फिरवा. जाडी बघूनच पाहुणे गार होतात.

खरं तर आपण सीमाभागातली माणसं. कर्नाटकातला निपाणीकर बाजाराला महाराष्ट्रातल्या कागलला जातो, बेळगावकर तसाच शिनोळीला कामाला. दोन राज्यांच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर शिक्का असता तर 60 पानं महिनाभरही पुरली नसती. कोरोनात तिथं आरटीपीसीआर मागितलं, शिक्का मात्र कुणी दिला नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याची पानं काही संपत नाहीत.

काय ते लवकर उरका. सिंगापूरनं शिक्के बंद केलेत, युरोपनंही ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा संगणकात घ्यायला सुरुवात केलीय. असले देश यादीतून काढा. नेपाळला तर मतदार ओळखपत्रावरही सोडतात. पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचंच असेल, तर गुपचूप घेऊन या.