‘ध्यान एकट्यानंच करायचं असतं’ म्हणणाऱ्यांना

आषाढ पौर्णिमा जवळ आली, विहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या, ग्रंथवाचनाची तयारी सुरू झाली की आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: ध्यान ही ज्याची त्याची खासगी बाब. बुद्ध पिंपळाखाली एकटेच बसले होते आणि ‘गेंड्यासारखे एकटे चाला’ असं सांगून गेले. विहारात सतरंज्या अंथरून घोळक्यानं बसणं हा देखावा, तिथं भांडणंच जास्त. बाबासाहेबांना तर ध्यान मान्यच नव्हतं. ज्याला हौस असेल त्यानं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करावं, मोबाईलमध्ये अ‍ॅप घ्यावं आणि घरी डोळे मिटावे.

पाठवणारी बहुतेक नागपूर-पुण्यात नोकरीला लागलेली आपलीच पोरं आहेत. हेतू वाईट नाही. पण यातला एकेक मुद्दा तपासला की फार थोडं हाती उरतं.

पिंपळापासून सुरुवात करू. बुद्ध एकटे बसले, कबूल. पण बोधी मिळाल्यावर ते कुठं गेले? दोनशेहून जास्त किलोमीटर चालत सारनाथला, सोडून गेलेल्या पाच सोबत्यांना शोधत. ती पोचण्याची, पहिल्या उपदेशाची पौर्णिमा म्हणजेच आषाढ पौर्णिमा. नेमक्या त्याच दिवसाच्या आसपास ‘एकटे राहा’ म्हणणारा संदेश फिरावा, याची गंमत वाटते.

गेंड्याचं वचन सुत्तनिपात या पाली ग्रंथातल्या खग्गविसाण सुत्तातलं. त्या सुत्ताचा कल एकांताकडे आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच्या मधोमध दोन गाथा जोडीनं येतात. शहाणा, चांगल्या वर्तनाचा सोबती मिळाला तर सगळ्या अडचणी ओलांडून आनंदानं त्याच्यासोबत चालावं, ही पहिली. तसा कुणी मिळालाच नाही, तर जिंकलेलं राज्य सोडून जाणाऱ्या राजासारखं एकटं निघावं, ही दुसरी. संदेशात पहिली गाथा कापलेली आहे. मेघिय या भिक्खूची गोष्टही कापलेली आहे. त्याला नदीकाठची आमराई दिसली आणि तिथं एकट्यानं ध्यानाला बसायची घाई झाली. बुद्ध म्हणाले, दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब. तो थांबला नाही. आमराईत बसल्यावर मनात कामवासनेचे, द्वेषाचे, हिंसेचे विचार उसळले आणि तो परत आला. मन पिकलेलं नसताना ते पिकवणाऱ्या पाच गोष्टी बुद्धांनी त्याला सांगितल्या. त्यातली पहिली कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवरचा सोबती.

आता भांडणांचा मुद्दा. हा खरा आहे आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. किल्ली कुणाकडे राहील, वर्गणीचा हिशेब कुणी दिला नाही, समितीत कुणाचं नाव वर आलं, यावरून आपल्या विहारांत कुरबुरी होतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत फुटलेले तट पुढची कित्येक वर्षं सतरंजीच्या दोन टोकांना बसतात. पण हे आजचं नाही. कोसंबीच्या भिक्खूंची गोष्ट घ्या. अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी टीका, सांगते की वादाची सुरुवात शौचालयातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून झाली. त्यावरून संघाचे दोन तट पडले. बुद्धांनी समजावलं, तेव्हा ‘आपण निवांत राहा, या भांडणाचं आमचं आम्ही बघतो’ असं ऐकवण्यापर्यंत मजल गेली. बुद्ध तिथून निघाले आणि पुढे पारिलेय्यक वनात एकटे राहिले.

एवढाच भाग सांगून लोक थांबतात: बघा, बुद्धही कंटाळून जंगलात गेले! पण जंगलात जाण्याआधी ते पाचीनवंस वनात थांबले. तिथं अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघं भिक्खू एकत्र राहत होते. बुद्धांनी आधी विचारलं, भिक्षा नीट मिळते ना? मग विचारलं, एकोप्यानं राहता ना? एकमेकांशी मैत्रीनं वागतो, असं उत्तर आलं. पुढं विचारलं, दक्ष राहून नेटानं साधना करता ना, आणि ती कशी? या उत्तरात समाधीचा शब्द नाही, कामांची वाटणी आहे. भिक्षेहून जो आधी परततो तो आसनं मांडतो, पिण्याचं आणि पाय धुण्याचं पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेलं खातो, आसनं उचलतो, जागा झाडतो. पाण्याचं मडकं रिकामं दिसलं की ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेनं दुसऱ्याला बोलावतो, त्यासाठी मौन मोडत नाही. दर पाचव्या रात्री तिघं रात्रभर धम्मचर्चा करतात. ध्यानात कुठवर पोचलात, हा प्रश्न बुद्धांनी या सगळ्यानंतर विचारला.

आमच्या विहारांवर आक्षेप घ्यायचाच तर इथं घ्या. झाडणं, सतरंज्या झटकणं, पाणी भरणं हे सगळं महिला मंडळाच्या अंगावर पडतं आणि पुरुष मंडळी येऊन पुढच्या रांगेत बसतात. अनुरुद्धाच्या वनात असं चाललं नसतं. आणि कोसंबीचं भांडण मिटलं ते कसं? गावच्या उपासकांनी भिक्षा देणं बंद केलं, मान देणं बंद केलं. मग भिक्खू सावत्थीला बुद्धांकडे गेले आणि समेट केला. म्हणजे गटानं बिघडवलेलं गटानंच ताळ्यावर आणलं.

बाबासाहेबांचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्यातली अकरावी अष्टांगिक मार्गाची आहे. त्या मार्गाचं आठवं अंग सम्यक समाधी. 1957 साली निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी ती समजावून दिली आहे: मन एकाग्र करायचं आणि त्याला कुशल कर्माचाच विचार करण्याची कायमची सवय लावायची. वर्षावासात हाच ग्रंथ आपण पानापानानं वाचतो, तेव्हा ते पान चुकायचं कारण नाही. त्यांचा रोख समाजाकडे पाठ फिरवून स्वतःच्या पूर्णतेत गुंतलेल्या भिक्खूवर होता. भिक्खू हा समाजसेवक असेल तरच धम्माला भवितव्य आहे, असं ते म्हणत. आता ही टीका कुणाला जास्त लागते? विहारात येऊन बसणाऱ्या बाईला, की कानात तार घालून एकट्यानं बसणाऱ्याला? शिवाय बाबासाहेबांना ध्यान मान्य नव्हतं म्हणायचं आणि दोन ओळींनंतर अ‍ॅप घ्या म्हणायचं, हे एकाच संदेशात कसं बसतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

दहा दिवसांच्या शिबिराबद्दल. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका 1969 साली ब्रह्मदेशातून ही साधना घेऊन भारतात आले. इगतपुरीला केंद्र झालं, आपल्या नागपूरजवळ माहुरझरीला केंद्र झालं. तिथं रोज तीन वेळा एकेक तास सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्रच बसायचं असतं. स्वयंपाक करणारे, वाढणारे जुने साधक पैसे न घेता राबतात. घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर बसा आणि आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला या, असंच सांगतात. एक अडचण मात्र आहे. ती सामूहिक साधना शिबिर केलेल्यांपुरतीच असते आणि निंदण, वेचणी, लेकरंबाळं सोडून दहा दिवस जाणं मजुरी करणाऱ्या बाईला जमत नाही. तिच्यासाठी विहारातल्या वंदनेनंतरचं अर्धा तास आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणं, नाहीतर त्रिरत्न बौद्ध महासंघ या संघटनेकडून शिकून आलेल्या कुणी घेतलेली मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, एवढंच असतं. ते देखावा म्हणून मोडीत काढायचं, तर तिला दुसरं काय देणार?

‘घरी बसा’ म्हणे. तिचं दोन खोल्यांचं घर, एकीत टीव्ही, दुसरीत चूल, अंगणात बकरी. सुत्तात ध्यानासाठी अरण्य, झाडाचा बुंधा नाहीतर रिकामं घर सांगितलं आहे. रात्री आठनंतर गावात तिच्या वाट्याला येणारं रिकामं घर म्हणजे विहार. आणि ती दोन दिवस दिसली नाही की तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात उभी राहते: ‘काऊन नाही आली वं माय काल?’ अ‍ॅप फार तर घंटी वाजवेल.

दारात येऊन विचारण्याचं काम वाटतं तेवढं किरकोळ नाही. ध्यान सगळ्यांना, सगळ्या वेळी मानवतंच असं नाही. आधीच झोप उडालेल्या, कर्जानं किंवा घरातल्या मृत्यूनं खचलेल्या माणसाला तासन्‌तास डोळे मिटून बसवलं तर त्रास वाढूही शकतो. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते याचसाठी. विहारात शेजारी बसणाऱ्या बाईला हे अर्जाविना दिसतं: ही रडते आहे, हा हल्ली जेवत नाही. अशा माणसाला ‘अजून बस’ असं कुणी सांगू नये. त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावं आणि जाताना सोबत दोघं असावेत.