कारल्याच्या रसाने इन्सुलिन सुटत नाही

‘टाइप वन मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन कारल्याच्या रसाने निम्म्यावर आलं, आता बंदच करा’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. डोस बऱ्याचदा खरंच उतरतो. श्रेय मात्र रसाचं नाही. इन्सुलिन सुरू झालं की स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या बीटा पेशी (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) काही आठवडे-महिने पुन्हा काम करतात. याला हनिमून फेज म्हणतात. पुढे गरज परत वाढते. (1922 पूर्वी इन्सुलिन नव्हतं, कारली होतीच की, तरी ही मुलं वाचत नसत!)

भाकरी बंद केली म्हणून इन्सुलिनही बंद, हा हिशोब तर जिवावर बेतणारा. उपाशीपोटीही बेसल इन्सुलिन (जेवणाशिवायही दिवसरात्र लागणारं मूळ इन्सुलिन) लागतंच, नाहीतर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचतात. उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला पिकल्या फळासारखा वास आला तर रस पाजत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.