तीन बोअर घेतल्या, म्हणून टाकी गळत नाही?

लेखात म्हटलंय की पेट्रोल पंपाच्या आवारात तीन बोअर घेऊन पाणी तपासलं, काही सापडलं नाही, म्हणजे पंपाची जमिनीखालची टाकी गळत नाही आणि जवळच्या विहिरीतला पेट्रोलचा वास दुसरीकडून येतोय. घाई होतेय. आपल्या काळ्या पाषाणात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडून झिरपत नाही, भेगांतून वाट काढतं. बोअरला नेमकी ती भेग लागली नाही तर दहा फुटांवरचं पेट्रोलही हाती लागणार नाही, आणि दोन शेतं पलीकडच्या विहिरीला मात्र वास येईल.

शिवाय नमुने घेतले कधी? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, भूजलाच्या पातळीवर तरंगतं. उन्हाळ्यात पातळीबरोबर खाली उतरतं, पावसाळ्यात पाणी चढलं की बरंचसं भेगांत पाण्याखाली अडकतं. मे आणि सप्टेंबर, दोन्ही वेळचे नमुने हवेत. आणि नाकावर विसंबू नका. पेट्रोलमधल्या बेंझीन या विषारी घटकाची पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, बेंझीनचा वास त्याच्या कितीतरी पुढे गेल्यावर येतो.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला 1996 मध्ये पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या एमटीबीई या रसायनामुळे पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जमिनीतले जिवाणू आधी ते खातात, ऑक्सिजन संपवतात, आणि बेंझीन तसंच पुढे सरकत राहतं.

बोअरचं राहू द्या, टाकीत किती पेट्रोल आहे हे मोजायच्या डिपरॉडचं (खुणा केलेल्या दांड्याचं) रोजचं माप आणि विक्रीचा हिशेब जुळतो का, हे कोणी पाहिलं का? लेखात त्याचा उल्लेखच नाही.