११२ पैकी ६

दर दोन-चार महिन्यांनी हा मजकूर फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. कधी खाली हात जोडलेले असतात, कधी वर ‘कलेचा विजय’ असं ठळक अक्षरांत. सांगणं असं: व्हिएन्नाच्या कला अकादमीने प्रवेश नाकारला म्हणून हिटलरने आधुनिक कलेवर सूड उगवला; ज्यू चित्रकारांची चित्रं गोळा करून १९३७ साली म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ नावाचं टिंगलीचं प्रदर्शन भरवलं; वीस लाख लोक आले आणि त्यांनी तीच चित्रं डोक्यावर घेतली; मग चिडून नाझींनी सगळी जाळून टाकली.

प्रदर्शन झालं हे खरं. वीस लाखांचा आकडाही खरा. बाकीचं मात्र तपासून घ्यावं लागतं.

आधी अकादमी. १९०७ च्या प्रवेशपरीक्षेत हिटलर नापास झाला. शेरा होता: चित्रांत माणसांची डोकी कमी, चाचणीचं चित्र असमाधानकारक. पुढच्या वर्षी तर परीक्षेलाही बसू दिलं नाही. पण हे मास्तर कोण होते? जुन्या वळणाचे, घोटीव रेखाटनवाले. सूडच घ्यायचा तर त्यांच्यावर घ्यायचा, नव्या चित्रकारांनी त्याचं काय घोडं मारलं होतं? शिवाय ‘अधःपतन’ ही शिवी त्याची नव्हेच. माक्स नॉर्डाऊने १८९२ साली त्याच नावाने ग्रंथ काढला, आणि नॉर्डाऊ स्वतः ज्यू. १९२८ साली पाउल शुल्ट्स-नाउमबुर्ग या वास्तुकाराने नव्या चित्रांतले चेहरे आणि व्यंग असलेल्या रुग्णांचे फोटो पुस्तकात शेजारी-शेजारी छापले. वायमारच्या संग्रहालयातली आधुनिक चित्रं १९३० साली भिंतीवरून उतरली, तेव्हा हिटलर जर्मनीचा चान्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, व्हायला अजून दोनेक वर्षं होती.

आता ‘ज्यू चित्रकार’. प्रदर्शनात ११२ कलाकार होते. त्यांत ज्यू फक्त ६. त्यांच्यापैकी ऑटो फ्रॉइन्डलिश याचं शिल्प माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापलं होतं. १९४३ साली तो मायदानेकच्या छावणीत मारला गेला. त्या सहांचं दुःख कमी लेखायचं नाही. पण नाझी सरकारने ज्याची सर्वांत जास्त कामं संग्रहालयांतून जप्त केली, १०५२, तो एमिल नोल्डे ज्यू नव्हताच, उलट नाझी पक्षाचा सभासद होता. पहिल्याच दालनात त्याची येशूच्या आयुष्यावरची नऊ चित्रांची मोठी मालिका भिंतभर टांगलेली होती. १९३८ च्या जुलैत या गृहस्थाने प्रचारमंत्री गोबेल्सला पत्र लिहिलं: आपण जर्मन कलेवरच्या परकीय वर्चस्वाशी लढत आलो आहोत, आपली चित्रं परत द्या! १९४१ साली त्याच्यावर व्यवसायबंदी आली, आणि युद्धानंतर तीच बंदी त्याच्या उपयोगी पडली. चोरून चित्रं काढणारा छळलेला कलावंत अशी त्याची प्रतिमा पुढे अनेक दशकं टिकली. २०१९ साली बर्लिनमध्ये त्याच्या पत्रव्यवहाराच्या आधारे मोठं प्रदर्शन आणि ग्रंथ झाला तेव्हा ती पुरती कोसळली. चान्सेलरच्या कार्यालयातली त्याची दोन चित्रं त्या प्रदर्शनाच्या वेळी उतरवली होती. तेव्हाच्या चान्सेलर मर्केलबाईंनी ती पुन्हा लावली नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो नोल्डेच. चित्रं अप्रतिम आहेत, हीच तर अडचण.

वीस लाखांचं काय? प्रवेश फुकट होता. जागा होती प्लास्टरच्या पुतळ्यांचा संग्रह ठेवलेल्या इमारतीतल्या अरुंद खोल्या. चित्रं खेटून लावलेली, काहींना चौकट नाही, वर भिंतीवर शेरेबाजी. मला सर्वांत धूर्त वाटते ती किमतीची युक्ती. संग्रहालयाने चित्राला किती मार्क मोजले ते खाली लिहिलेलं, सोबत ‘कष्टकरी जर्मन जनतेच्या करातून’ अशी चिठ्ठी. त्यातल्या कित्येक किमती १९२३ च्या महागाईच्या काळातल्या, जेव्हा पावाच्या लादीलाही अब्जावधी मार्क पडत. ते कुठेही लिहिलेलं नाही. सामान्य माणूस आकडा वाचून चक्रावणारच. तेव्हा सतरा वर्षांचा असलेला पीटर ग्युन्टर पुढे कलेतिहासकार झाला. १९९१ च्या लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनाच्या ग्रंथात त्याने आठवणी लिहिल्या आहेत. अनोळखी लोक एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत चित्रांची निंदा करत होते, हे त्याला आठवतं. मनातल्या मनात चित्रांचा निरोप घ्यायला आलेलेही असतील. पण गर्दी झाली म्हणजे प्रेम झालं, असं कोणत्याच हिशोबात बसत नाही.

राहता राहिली होळी. २० मार्च १९३९ रोजी बर्लिनच्या अग्निशमन दलाच्या आवारात १००४ चित्रं-शिल्पं आणि ३८२५ कागदावरची कामं जाळली, असं सांगितलं जातं. त्याबद्दलही अभ्यासकांत वाद आहे. पण जप्त झाली होती वीस हजारांहून अधिक. बाकीची गेली कुठे? विकली. परकीय चलन हवं होतं. १९४१-४२ च्या सुमारास सरकारने बनवलेली टंकलिखित यादी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१४ साली इंटरनेटवर टाकली. त्यात कलाकाराचं नाव, चित्राचं नाव आणि एक अक्षर: ‘एक्स’ म्हणजे नष्ट, ‘व्ही’ म्हणजे विकलं, ‘टी’ म्हणजे अदलाबदल. कारकुनाच्या वहीसारखी. ३० जून १९३९ ला स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नमध्ये १२५ कामांचा लिलाव झाला. म्युनिकच्याच संग्रहालयातलं व्हॅन गॉगचं आत्मचित्र १,७५,००० स्विस फ्रँकना गेलं. बाझेलच्या संग्रहालयाने त्या वर्षी अशी २१ कामं खरेदी केली.