कांगारू रॅट पाणी पिऊन मरत नाही हो

"असा कोणता प्राणी आहे जो पाणी प्यायला की लगेच मरतो? उत्तर: कांगारू रॅट." हा फॉरवर्ड परत फिरतोय, आणि आता त्याला शेपूटपण जोडलंय, की हा ऑस्ट्रेलियातला कांगारूचा छोटा भाऊ आहे, अंगात पाणी साठवून ठेवतो आणि फक्त सुक्या बिया खातो. एवढ्याशा मेसेजमध्ये इतक्या चुका कोंबायलाही टॅलेंट लागतं.

आधी पत्ता. ऑस्ट्रेलियाचा काही संबंध नाही, हा उंदरासारखा छोटा प्राणी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला, मोहावी, सोनोरा वगैरे वाळवंटांतला, जवळपास 20 जाती आहेत. मागच्या लांब पायांवर टुणटुण उड्या मारतो म्हणून नाव कांगारू, बस. पोटाला पिशवी नाही, पिशव्या आहेत त्या गालांना, त्यात बिया भरून बिळात नेतो.

आता पाणी प्यायला की मरतो हे. क्नुट आणि बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञ जोडप्याने या प्राण्यांना सोयाबीन खायला घातलं, सोयाबीनमध्ये प्रोटीन भरपूर म्हणजे युरिया (प्रोटीन वापरल्यावर शरीरात उरणारा कचरा) जास्त तयार होणार, तो बाहेर टाकायला पाणी जास्त लागणार, म्हणजे न पिता भागेना. मग प्यायला काय दिलं तर समुद्राचं पाणी! प्यायले आणि मजेत जगले, 1950 मध्ये रिसर्च पेपर छापून आलाय. आपण समुद्राचं पाणी प्यायलो तर उलट डिहायड्रेशन होतं कारण तेवढी खारट लघवी करणं आपल्या किडनीला जमतच नाही, यांची लघवी आपल्यापेक्षा चारेक पट घट्ट असते. आणि पिल्लं आईचं दूध पितात की, त्यात काय पाणी नसतं?

साठवतो हेपण चूक. अंगात पाण्याचं प्रमाण बाकी सस्तन प्राण्यांइतकंच. तो पाणी तयार करतो, म्हणजे आपल्यासारखंच, 1 ग्रॅम स्टार्च शरीरात जळला की साधारण 0.6 ग्रॅम पाणी बनतं, फक्त आपण ते घाम, लघवी, श्वासात उधळतो आणि हा चिक्कूसारखा जपतो. दिवसभर बिळात, बऱ्याचदा बिळाचं तोंड मातीने बंद करून, आत हवा बाहेरच्यापेक्षा दमट, ठेवलेल्या बियापण ती ओल थोडी शोषतात आणि मग तो त्या खातो. नाक तर भारीच, बाहेर जाणारा श्वास नाकातच गार होतो आणि त्यातली बरीच वाफ परत मिळते. म्हणून बरेच कांगारू रॅट आयुष्यभर न पिता राहू शकतात, एवढंच खरं. कोणीतरी "लागत नाही"चं "चालत नाही" केलं आणि झालं काम.

सुक्या बियांचं अर्धं खरं, पण हिरवा कोंब, किडा मिळाला तर तोही खातात. एक जात तर खारट पानांच्या झुडपावर जगते, खालच्या पटाशीसारख्या चपट्या दातांनी पानाचा वरचा खारट थर खरवडून टाकते आणि आतला रसाळ भाग खाते.

मारणारे दुसरेच आहेत, घुबड, कोल्हे, रॅटलस्नेक. त्यातही साप झेपावला की हा उडी मारतो आणि हवेतच त्याला लाथ घालतो, याचे स्लो मोशन व्हिडिओ आहेत, फॉरवर्ड करायचंच असेल तर ते करा.