फरशी पुसून जांघेतली कळ जात नाही

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच माहेरच्या ग्रुपवर, तोच सोसायटीच्या. मजकूर असा: ‘गरोदरपणी जांघ-कंबर दुखणं म्हणजे हाडं उघडायला लागली, शुभ लक्षण. रोज उकिडवं बसून फरशी पुसा. पट्टा लावू नका, बाळ चेपतं. दुखणं अंगावर काढणारीची नॉर्मल होते, लाड करून घेणारीचं सिझर.’ माझ्या जावेला सातवा महिना चालू आहे. तिनं मेसेज वाचला, दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन बसली, आणि हॉलच्या मध्यातून तिला उठताच येईना. म्हणून हे लिहितेय.

‘हाडं उघडायला लागली’ यापासून सुरुवात करू. प्रसूतीत उघडतं ते गर्भाशयाचं तोंड, आणि ते कळा सुरू झाल्यावर. कमरेच्या हाडांचं कडं तीन ठिकाणी जुळलेलं असतं: मागे दोन सांधे, समोर ओटीपोटाखाली एक. गरोदरपणात ते थोडे सैल होतात, ते सगळ्याच बायकांचे होतात. सैल झालेले सांधे सारख्या प्रमाणात हलेनासे झाले, आजूबाजूच्या स्नायूंवर ताण आला, की दुखतं. डॉक्टर याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. साधारण पाचातल्या एकीला हे होतं. बाळाला यानं इजा होत नाही. पण हा शकुनही नाही. हे दुखणं आहे आणि त्यावर उपाय आहेत.

आता फरशी. जिला काही दुखत नाही, सवय आहे, तिनं उकिडवं बसायला हरकत नाही. पण जिच्या जांघेत कळ येते तिनं गुडघे फाकवून, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत पुढे सरकायचं, म्हणजे दुखऱ्या सांध्यालाच पिळ द्यायचा. मला थोरल्याच्या वेळी हेच झालं होतं. रात्री कूस बदलताना समोरच्या हाडात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन गुडघ्यांत उशी दिली आणि शिकवलं: गुडघे वाकवा, एकमेकांना चिकटवा, श्वास सोडा, मग खांदे, कंबर, गुडघे एकदम वळवा. त्या रात्री मी पहिल्यांदा न कण्हता कुशीवर वळले.

बाकीचंही त्याच धर्तीचं. सलवार घालायची ती पलंगावर बसून, एका पायावर उभं राहून नाही. वडापच्या रिक्षात आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. जिना एकेक पायरी, कमी दुखणारा पाय आधी वर. बादली, कुकर, थोरलं पोर एका कडेवर घ्यायचं नाही. आणि अंथरूण धरूनही बसायचं नाही; झेपेल तेवढं चालणं आणि शिकवलेले व्यायाम हवेतच.

पट्ट्याचं थोडक्यात: तो पोटावर आवळायचा नसतो, पोटाखाली खुब्यांभोवती बसतो. बाळ चेपत नाही. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण काहींना चालताना आधार वाटतो. माप दाखवून घ्यावा.

अंगावर काढायला सांगितलं, की बाई गुपचूप मेडिकलमधून गोळी आणते. मला याचीच जास्त भीती वाटते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. 20 आठवड्यांनंतर तर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. आणि रक्त गेलं, पाणी गेलं, ठरावीक अंतरानं पोट आवळून दुखू लागलं, ताप आला, लघवीला जळजळलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर ते हे दुखणं समजून थांबायचं नाही, लगेच दवाखाना. गाडी नसेल तर 108.

राहिलं सिझर. या दुखण्यामुळे सिझर ठरत नाही. बहुतेकींची प्रसूती नेहमीसारखी होते. फक्त आधी सांगून ठेवावं लागतं, म्हणजे कुशीवर झोपवून किंवा गुडघे फार न फाकवता प्रसूती करता येते. काल जावेला घेऊन तपासणीला गेले होते. तिचे गुडघे न दुखता किती दूर जातात ते सिस्टरांनी टेपनं मोजलं आणि आकडा फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिला.